उलांडी

सोसायटीत चार संगणक आणि एक पेनड्राइव्ह.
तो दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर,
बर्फाच्या पावतीसारखा.
डिझेल परताव्याची यादी: अंतिम.
अंतिम दोन. अंतिम खरी. अंतिम सुलक्षा.
सुलक्षा म्हणजे माझ्या आधीची;
लग्न होऊन पणजीला गेली, फाईल इथेच राहिली.

मागच्या महिन्यात एकाच होडीचा परतावा
दोन याद्यांतून दोन आकड्यांनी गेला.
लवू मेथर खिडकीशी आला, दोन्ही कागद
काचेवर शेजारी शेजारी धरून म्हणाला,
"हेतली माजी होडी खंयची?"

म्हणून कणकवलीहून रासम आला.
दोन कोटेशनं. एक: आपलाच जुना संगणक,
पंखा बदलून, सगळ्यांच्या फाईली त्याच्यात.
स्वस्त. चालेल तोवर चालेल.
दुसरं: पावाच्या लादीएवढा काळा डबा,
आत दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं,
एक मेली तर दुसरी तारते.

कमिटीचा चहा निवला तरी कोणाला उमजेना.
मग दाराशी उभा लवूच बोलला,
"म्हणजे उलांडी."
झालं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

मी तेव्हा गप्प बसायचं होतं.
पण देवगडची हवा; इथे खिळासुद्धा
भिंतीतल्या भिंतीत विरघळतो.
विचारलं, होडीच गेली तळाला,
तर उलांडी कोणाला वाचवते?
रासम हसला नाही.
म्हणाला, त्याला तिसरी प्रत लागते.
डब्याजवळ ठेवायची नाही. लांब. उंचावर.

ठरावात ती ओळ नाही.

डबा बसला त्या भिंतीवर, जिथे वादळाच्या वर्षी
पाणी आलं तिथे कोणी पेन्सिलीने रेघ ओढलीय.
रेघेवर दोन हात. संस्थापकांचा फोटो
थोडा डावीकडे सरकवावा लागला.
बॅटरीपण वरच. लाईट जाते तेव्हा
ती एकदाच ओरडते, मग सांभाळून घेते.

आता यादी एकच. तिच्या नावात अंतिम नाही.

आणि दर शनिवारी साडेपाचला
मी एक छोटी डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधते,
जेवणाच्या डब्याशेजारी ठेवते,
आणि घाटी चढून सड्यावर घरी जाते.
भाकरीच्या वासात एकशे बारा होड्या,
त्यांचे नंबर, त्यांचं डिझेल, तांडेलांचे अंगठे.
खाली बंदरात त्याच होड्या, हलतायत.

"पिशयेत काय गो?" आई विचारते.
"सोसायटी," मी म्हणते,
आणि तांदळाच्या पिंपामागे ठेवते.