पोटखराब

मी घाटावरचा. आमच्याकडे जमीन काळी असते,
पायाला चिकटून घरात येते.
काळथरचा सडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं
कुणीतरी सगळी माती झाडून नेलीय
आणि जमिनीचा सांगाडा उन्हात वाळत घातलाय.
तांबडा, भोकाभोकांचा, बुटाच्या टाचा खाणारा.
तीन बाजूंना सडा. चौथीला एकदम काहीच नाही,
म्हणजे समुद्र.

गट नंबर दोनशे अकरा. क्षेत्र शहाण्णव हेक्टर.
पैकी लागवडीखाली सव्वा : घळीतली वरी.
बाकी पोटखराब, वर्ग अ.
आकार नाही.
ज्या जमिनीकडे सरकारसुद्धा काही मागत नाही
तिला हे नाव.

द्वारकी घवाळी भारा उतरवून मोजणी बघत होती.
काय लिवलास, म्हणाली. मी वाचून दाखवलं.
"पोट कुनाचा खराब?
भातातला अर्धा खोत न्यायचा, नाचनीतला तिसरा वाटा.
सड्यावरच्या गवताचा मातर त्याला म्हायती नव्हता."

त्या गवतावर तिच्या सासूने दोन दीर
बोटीत बसवून मुंबईला धाडले.
दीर गिरणीत लागले, मनीऑर्डरी आल्या,
मनीऑर्डरींतून मंगलोरी कौलं आली,
आणि घरोघर कौलं चढल्यावर
गवत घेणारं कुणी उरलं नाही.
हे ती हिशोब सांगावा तसं सांगते. तक्रार नाही.
आता कलमांच्या बागांत राखणीला नेपाळी,
चिरेखाणीत विजापूरचे,
आणि काळथरची पोरं बोरिवलीत वॉचमन.

होडेकर, आमचा शिपाई, साखळीच्या काळातला.
आता रोव्हरचा दांडा धरतो, उपग्रहाची वाट बघत
बिडी पेटवतो. अचानक म्हणाला,
साहेब, तिथं पाय नका देऊ.

पायाखाली मासा होता.
कातळात खोदलेला. नाकापासून शेपटीपर्यंत
चार मीटर वीस; मोजला, सवयच ती.
शेजारी एक माणूस, पावलं फाकलेली, डोकं नाही.
कुणी, कधी, कशाने? माझ्या फॉर्मात रकाना नाही.
द्वारकीकडे नाव आहे : रखवाली.
पाऊस गेला तरी माशाच्या पोटात पाणी राहतं,
दिवाळीपर्यंत. ढोरं तिथं पितात.

सडा गेला गेल्या मे महिन्यात.
घेणारा कुणी पाहिला नाही;
त्याचा मुखत्यार रत्नागिरीच्या लॉजवर उतरला होता,
थंड पाण्याच्या बाटल्या वाटत.
भाव? पोटखराबाचा.
सातबाऱ्यावर नावं अठ्ठेचाळीस. सह्या सत्तेचाळीस,
त्यांतल्या एकोणतीस दिवा, विरार, नालासोपाऱ्यात झाल्या,
जिन्यात, कागद भिंतीला टेकवून.
अठ्ठेचाळिसावा अंगठा द्वारकीचा.
तो अजून तिच्याच हाताला आहे.

तेवढ्यासाठी कोण थांबतं.
पश्चिमेच्या कोपऱ्यात करवती लागल्या,
सडा चौकोनी होऊन ट्रकात चढू लागला.
तांबडी धूळ कलमांच्या मोहरावर,
खाडीतल्या मुळ्यांवर, होडेकरच्या दाढीवर.

मी नकाशा पुरा केला. शेऱ्यात लिहिलं :
"मासा आहे."
साहेबांनी खोडलं. मोजणीशी संबंध नाही.
खरंच नाही.

फाट्यावर एसटीचा नवा निवारा झालाय,
चिऱ्याचा, अजून गिलावा नाही.
तिसऱ्या थरातल्या एका चिऱ्यावर
वळणाची एक खाच आहे, बोटभर खोल.
शेपटी असेल. करवत घसरली असेल.
होडेकर म्हणतो, घसरली.
द्वारकी काही म्हणत नाही.
बाक रिकामं असतं, ती त्या भिंतीला पाठ लावत नाही,
बाहेर उन्हात उभी राहते
सव्वाअकराची गाडी येईस्तोवर.