आयोडीन, उसनं

ओरुरोच्या पुढे, पठारावर, आमच्या शाळेची एकच खिडकी
ऊन नीट आत घेते, म्हणून सूक्ष्मदर्शक तिथेच.
त्याचा आरसा सूर्याकडे वळवावा लागतो,
हट्टी लामाचं तोंड वळवावं तसा, हळूहळू.

आयोडीन दवाखान्यातून आणलं, उसनं.
बेनेडिक्टची बाटली गेल्या वर्षीपासून अर्धीच.
पाणी इथे लवकर उकळतं, पण पुरतं तापत नाही;
नळीतला निळा हलायला तयार नसतो.
मुलं थंडीने पाय आपटत उभी.
हिरवा. मग पिवळट. मग कुणाचं लक्ष नसताना
विटकरी.
"कांद्यात साखर?" फ्लोरेन्सिया रागावलीच,
"मग डोळ्यांत पाणी कशाला आणतो?"
आयोडीनने मात्र कांदा निळा झाला नाही.
न आलेला रंगही वहीत लिहायचा, मी सांगते.
कुणी लिहीत नाही.

बटाट्याची चकती इतकी पातळ कापली
की बोटाची रेघ आरपार दिसावी. वर एक थेंब.
भिंगाखाली पेशी, आणि पेशीत निळेजांभळे दाणे,
लेकेलेके पक्ष्याच्या घरट्यात अंडी असावीत तसे.
प्रत्येकाने डोळा लावून पाहिलं,
दोघांनी चुकीचा डोळा मिटला.

एदिल्बेर्तो तोवर बाटली घेऊन पसार:
डब्यातला चुन्यो काळाभोर, पावही;
खडू नुसता पिवळा, नखही.
मी हात धरेपर्यंत खिशातून कागद निघाला,
इकिके बंदरावरून वडिलांनी धाडलेला,
घड्यांवर झिजलेला. एक थेंब.

पत्र काळंनिळं पडलं.

"कागदाला खळ लावतात," मी म्हणाले,
"शाई फुटू नये म्हणून. खळ म्हणजे पिष्टच."
"म्हणजे हे खाता येतं?"
कुणी हसलं नाही.
डागाखाली एक शब्द गेला होता.
मी वाकून पाहिलं: पुढल्या, आणि मग निळं,
आणि मग, नक्की येतो.
"ऑगस्ट होतं तिथे," तो म्हणाला.
खिडकीबाहेर ऑक्टोबर धूळ उडवत होता.

ऊब लागली की हा रंग जातो, मी म्हणाले,
वाफेवर धर हवं तर.
त्याने स्टोव्हकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं,
आणि कागद घडी घालून खिशात ठेवला,
निळी बाजू आत.

मी वहीत लिहिलं: पत्र. पिष्ट आहे.
साखर तपासली नाही.