शिट्टी किती लांब

खेकड्यांच्या कारखान्याची घरघर टेकडीपलीकडे राहावी
म्हणून आनफीसा दोन मैल चालत येते,
लढाईतल्या जुन्या बंकरपाशी.
उनालास्का बेटावर झाडं नाहीत. अँटेनाची चौकट तिनं
वडिलांच्या मोडक्या होडीच्या फळ्यांची केली,
त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, हातानं मोजलेले.
कानांवर हेडफोन. थर्मासमध्ये चहा. कॅसेट फिरते.

फोडणीतल्या मोहरीसारखं काहीतरी तडतडत असतं
(ही उपमा माझी; तिच्या घरी मोहरी नाही).
ती जगभरची वीज.
आणि मधूनच एक शिट्टी,
वरच्या पट्टीत सुरू होऊन घसरत, घसरत
पार खर्जात विझणारी.

वीज पडलेली असते न्यूझीलंडकडे, समुद्रावर.
तिची एक शीर चुंबकरेषेला धरून वर चढते,
हजारो किलोमीटर, आणि इथं उतरते.
वाटेत इलेक्ट्रॉनांची गर्दी.
बारीक सूर सटकून पुढे येतात, जाडे मागे रेंगाळतात.
गर्दी जितकी दाट, शिट्टी तितकी लांब.
एवढंच गणित. बाकी सगळं थंडीत बसणं.

रेषेच्या दुसऱ्या टोकाला, डनीडिनला,
मर्डो नावाचा निवृत्त पोस्टमन बसतो.
कडाका त्याच्या वाट्याचा, शिट्टी हिच्या.
अकरा वर्षं घड्याळं जुळवतायत, भेट नाही.

त्या मंगळवारी सूर्याकडून आलेला लोंढा धडकला.
आधी बोटींचे आवाज गेले,
शॉर्टवेव्हवर नुसती राख.
धाकटा भाऊ कुझ्मा प्रिबिलोफ बेटांच्याही वर कुठेतरी,
पिंजरे ओढत.
माणसांचा रेडिओ मुका,
आणि पहाटे चारला हेडफोनमध्ये किलबिल फुटली:
शेकडो पाखरं, एकमेकांच्या चोचीतून सूर ओढून घेणारी,
झाड नसलेल्या बेटावर.

ती घाबरली.
हा थवा फेअरबँक्सच्या लोकांनी ऐकायचा, उत्तरेच्या.
तो गातो कुंपणाबाहेर, जिथं गर्दी एकदम संपते.
आज डोक्यावर गातोय,
म्हणजे कुंपणच आत सरकलं,
आपण न हलता बाहेर पडलो.
शिट्ट्या आल्या त्याही आखूड,
बोलता बोलता ओठ मिटल्यासारख्या.
एरवी पावणेदोन सेकंद. आज अर्धासुद्धा नाही.
तिनं लिहून ठेवलं.
कुझ्मासाठी वहीत रकाना नव्हता.

रिती झालेली जागा एका रात्रीत भरत नाही.
खालून, हवेच्या अगदी वरच्या थरातून,
आडात पाणी पाझरावं तशी भरते.
बुधवारी पाऊण सेकंद.
गुरुवारी एक, जेमतेम.
शुक्रवारी काहीच नाही. कारखान्याच्या ऑफिसात मर्डोचा फॅक्स:
इकडे आभाळ निरभ्र, वीज नाही, माफ कर.

शनिवारी सव्वा.
आणि बंदरातल्या साध्या रेडिओवर खरखरत
कुझ्मा विचारत होता, खेकड्याला भाव काय.
तिनं भाव सांगितला. मग राहवेना म्हणून,
"तिकडे काही ऐकलंस?"
"काय ऐकणार? सगळं गप्प होतं."

तिनं वही पुढे ओढली.
सव्वा, त्यापुढे बारीक अक्षरात:
अजून अर्धा सेकंद यायचाय.