छेद

टिपणीस मॅडमना चाळीस वर्षांचा दर हवाय.
हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग,
लाख लोकसंख्येमागे किती, कुठल्या साली किती.
मी किल्ली घेऊन तळघरात उतरते.
खाडीकडच्या भिंतीला ओल आहे,
त्र्याऐंशीच्या रजिस्टरची पानं चिकटलेली,
फुटपट्टीच्या कडेने सोडवावी लागतात.

पहिली सापडते रेणका धोत्रे.
वय अकरा. राहणार दिघा, खाणीजवळ.
ताप सव्वा महिना. आधी मलेरियाच्या गोळ्या, मग टायफॉइडच्या.
नखांखाली कुसळं गेल्यासारख्या लाल रेघा,
हे कुणीतरी समासात लिहिलंय पेन्सिलीने,
खूप दाबून.
शेवटच्या रकान्यात: सायनला पाठवली.
म्हणजे ती आमच्या आकड्यात नाही.
तिथे मोजली असेल.
नसेलही.

शाळेत गुप्तेबाई शिकवायच्या,
अंश रेघेच्या वर, छेद रेघेच्या खाली,
आणि छेद शून्य असेल तर उत्तर मागू नये.
खाणीवरच्या झोपड्या शिरगणतीत धरल्या होत्या का?
विचारणार कुणाला?

त्या काळी हा पोरासोरांचा, तरण्यांचा आजार.
घसा दुखला, सांधे सुजले, बरे झाले,
घरचे विसरले.
झडप विसरली नाही.
तिच्या खरबरीत कडेवर मग
एखादी किडकी दाढ उपटल्याचं निमित्त पुरायचं.
घणसोलीचा जोमा मढवी, अंगची हळद उतरायच्या आत दाखल.
तुर्भ्याच्या मार्केटातला एक हमाल,
नावाच्या जागी फक्त बिल्ला नंबर.

शहाण्णवनंतर आकडा एकदम चढतो.
का वाढला? मॅडम विचारतात.
मी म्हटलं, त्या वर्षी इकोचं मशीन आलं.
आधी तो नुसता ताप होता, कारण अज्ञात.
रोग वाढला की दिसायला लागला
हे रजिस्टरला कसं कळावं?
ते दारातून आलेल्याचं नाव लिहितं.

पुढे भाताची खाचरं सेक्टर झाली.
छेद इतका फुगला
की एकही रोगी कमी न होता दर उतरला.
मॅडमनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. मी दुसरं काढलं.

आणि वीस साली रेघ कोसळते.
त्या वर्षी कुणाला झाला नाही, असं नव्हे.
त्या वर्षी कुणी आलं नाही.

आता याद्या कॉम्प्युटरवर येतात.
वय बासष्ट. वय चौऱ्याहत्तर.
घशाचा संबंध नाही, सांध्यांचा नाही.
डायलिसिसची नळी. पेसमेकरची तार.
घोडबंदरच्या विसाव्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर, बसवलेली झडप.
जंतूही ते नव्हेत. जुने महिनाभर रेंगाळायचे,
हे कातडीवरून येतात
आणि चार दिवसांत झडपेला छेद पाडतात.
ही आपणच वाचवलेली माणसं हो, मॅडम म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ.

पंखा बंद केला की तळघरात माझी झडप ऐकू येते.
धातूची आहे. स्वस्त घड्याळासारखी.
तिच्याआधी अठरा वर्षं, दर एकवीस दिवसांनी,
आई मला कळवा नाक्यापर्यंत चालवत न्यायची
पेनिसिलिनच्या सुईसाठी.
दोन दिवस बसता यायचं नाही.
दर हा शब्द मी तिथे शिकले.

आलेख दिला. रंगीत आहे.
त्यात मी कुठे, हे मॅडमनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
रेघेच्या खाली आहे,
छेदात, लाखातली एक, अजून तरी.

रेणकाला मी त्र्याऐंशीत धरलंय, पेन्सिलीने.
मॅडम खोडतील. नियमाने खोडायलाच हवं.

उद्या दाढ काढायची आहे.
तासभर आधी चार कॅप्सूल.
मोजून वाटीत ठेवल्यात,
मघाशी पुन्हा मोजल्या.