चौथा रकाना

भिंतीवर तीन रकाने आहेत, खडूने आखलेले,
कारण आचऱ्याच्या हवेत चिकटवलेले कागद
दोन दिवसांत गळून पडतात.
करायचंय. चाललंय. झालं.
फोनवरही तेच तीन. तिथे ओल येत नाही एवढंच.

पुण्याच्या ऑफिसात शिकले हे सगळं:
पंधरवड्याचा स्प्रिंट, रोज पंधरा मिनिटं उभ्याउभ्या
काल काय, आज काय, अडलंय कुठे.
नोकरी सुटली, सवय राहिली.
आता सकाळी सातला चहाचा कप धरून
एकटीच उभी राहते भिंतीसमोर
आणि स्वतःलाच हिशेब देते.

अडलंय एकाच कार्डावर: बाबांच्या वह्या.

बाबा बंदर खात्यात कारकून, एकतीस वर्षं.
सरकारी नोंदी सरकारजमा झाल्या. या वेगळ्या.
मतलई किती वाजता पडली,
खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी कुठवर सरकली,
काशिनाथ खोबरेकराच्या जाळ्यात काय आलं,
मध्येच वाणसामान, मध्येच माझ्या गोवराची तारीख,
आणि एका पानावर नुसतंच:
आज काही नाही.

सतरा वह्या. पानापानाचा फोटो काढते, खुणा लावते:
वारा, वाळू, मासा, घर.
'आज काही नाही'ला कुठली खूण लावायची
यात एक अख्खा रविवार गेला.

घरात रेंज नाही. संध्याकाळी सड्यावर चढते,
तापलेल्या कातळावर रुमाल, रुमालावर फोन,
आणि पानं एकेक करून वर जातात.
वैशाखातलं आभाळ, वर ढगाचं बोटही नाही,
तरी बाबांचं अक्षर ढगात.
तो ढग म्हणे जमिनीवरच असतो कुठेतरी,
थंड खोलीत, कडीकुलपात.
बाबांना पटलं असतं. कुलपांवर त्यांचा विश्वास होता.

चौथ्या वहीत लक्षात आलं:
दर अमावस्येला आणि पुनवेला त्यांनी आडवी रेघ मारलीय.
उधाण ते उधाण, एक हिशेब.
मध्ये भांगाचे दिवस, पाणी सुस्त,
तेव्हा अक्षरही बारीक होत गेलेलं.
मी कॅलेंडर बदललं. माझा स्प्रिंट आता सोमवारी संपत नाही,
तिथीला संपतो.

तरीही कार्ड हललं नाही.
अकरा उधाणं 'चाललंय'मध्ये तसंच.

शेवंती तारी सोलं घालायला आमच्या खळ्यात येते,
तिच्याकडे माडांची सावली फार.
दारातून भिंत बघून म्हणाली, "ह्यां काय गो?"
सांगितलं. कार्ड या घरातून त्या घरात जातं,
शेवटच्या घरात गेलं की संपलं.
ती साली आगळात बुडवत होती,
हात मनगटापर्यंत लाल.
"एका उन्हात सोलां होनत नाय," म्हणाली.
"भिजव, सुकव. परत त्याच रसात भिजव, परत सुकव.
सात-आठ पुटां तरी होयी.
मगे माझ्या सोलांका तू खंयच्या घरात घालशीत?"

मला सांगता आलं नाही.

रात्री खडू घेऊन
'चाललंय' आणि 'झालं'च्या मध्ये आणखी एक रेघ ओढली.
रकाना अरुंद झाला, थोडा तिरपाही.
नाव सुचेना. शेवटी लिहिलं: वाळत.
कार्ड तिथे नेलं
आणि पहिली वही परत उघडली,
झाली म्हणून कधीच बाजूला ठेवलेली.

आज काही नाही.
खाली शिसपेन्सिलीने, गेल्या खेपेला दिसलंच नव्हतं:
भरती, नऊ चाळीस.

सकाळी सातला उभी राहिले.
काल काय? भिजवलं.
आज काय? ऊन बरं आहे.
अडलंय कुठे, म्हणेपर्यंत
खळ्यातून शेवंती ओरडली,
"वायच कोंबड्यांका हाकल गो!"