बिन

एकतीस वर्षं मी तहसिलीत नकला दिल्या.
अर्ज, अर्जावर तिकीट, तिकिटावर शिक्का.
लोक जात काढायला यायचे, वाटणी काढायला,
एकजण नुसती आईची जन्मतारीख काढायला आला होता,
कशासाठी ते त्याने सांगितलं नाही.
मी कपाट उघडायचो, कसर उडायची.
सापडलं की त्यांच्या आधी मलाच बरं वाटायचं.

आता माझाच अर्ज आहे.
पणजीचे आईवडील कोण?

गाव नमुना चौदा. मौजे तांबळडेग, तालुका देवगड.
मोडी मला वाचता येते, पोटापुरती.
"मंजुळी कोम बुधाजी, जात गाबीत,
वय अजमासे साठ, ताप."
अजमासे म्हणजे कोतवालाने
उंबऱ्याबाहेरून कुणाला तरी विचारलं
आणि त्या कुणीतरी हात हलवला.

कोम म्हणजे अमक्याची बायको.
बिन म्हणजे तमक्याचा मुलगा.
बुधाजी बिन हरू, हरू बिन राणू,
होडीला होडी बांधावी तसे पुरुष
पाच पिढ्या मागे ओढत नेता येतात.
कोमच्या मागे दोरी नाही.

लग्नाची नोंद?
लग्न अख्ख्या वाडीने पाहिलं,
म्हणून लिहिलं कुणीच नाही.

निवतीला गेलो. सर्जेकोटला दोनदा.
आचऱ्याला एक म्हातारी सुकट निवडत होती, म्हणाली,
"आमच्यातला एक चेडू दिलेला थयसर. होडयेतसून गेला.
आवशीन लय वरसा वाट बघल्यान,
मगे बघूची सोडल्यान."
नाव काय होतं?
"काय की. चेडूच ता."
यावरून काही सिद्ध होत नाही.
'सबळ पुरावा नाही' हा शेरा मी स्वतः
किती अर्जांवर मारलाय.

मग ही तांब्याची कळशी.
धाकट्या काकीने मोडीच्या भावात काढली होती,
माळा रिकामा करायचा म्हणून.
गळ्याखाली ठिपके लागले बोटाला.
कासाराने ठोकून घातलेलं नाव,
लेकीच्या भांड्यावर बापाचं, आंदणात घालतात तसं.
खिडकीशी नेली, तिरपी धरली, पीठ चोळलं.
"चि. भिकी हीस" एवढं आलं वर.

भिकी.
मंजुळी सासरचं. माहेरी ती भिकी होती.
म्हणजे तिच्या आधीची जगली नव्हती,
किती, ते ठिपक्यांत नाही.
ही तरी राहो म्हणून नाव हलकं ठेवलं,
कुणाची नजर पडू नये असं,
आणि राहिली, तेव्हा होडीत बसवून दिली.
माझ्या पणजीच्या आईबापांबद्दल
मला एवढं कळलं. नावं नाहीत.

त्याच्या वरच्या ओळीत एकच शब्द शिल्लक: बिन.
अलीकडे तांबं गुळगुळीत, पलीकडे गुळगुळीत.
काथ्या, राख, सोलांचं पाणी,
पन्नास वर्षं रोज सकाळी तिचाच हात.
किंवा घासून नसेल गेलं.
कळशी कमरेवर घेतली की ती बाजू आत येते,
विहीर ते घर, विहीर ते घर,
बाप लुगड्याला लागून लागून गेला असेल.

मराठीत बिनचा आणखी एक अर्थ आहे.
त्याला मोडी यावी लागत नाही.

काकीला वजनाप्रमाणे पैसे दिले. तिने घेतलेही.

रात्री वंशावळीच्या कागदावर मी लिहिलं: भिकी बिन.
मुलीला बिन लावत नाहीत. हे मला कोण सांगणार?
पुढे जागा सोडली, सवयीने मोजून,
एका नावाची.

बायको काथ्या घेऊन आली, म्हणाली, केवढी काळी पडलीय,
लखलखीत करून देते.
मी म्हटलं, राहू दे तशीच.