बरणी क्रमांक ४१७

रबाळ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
चपला बाहेर, केस टोपीत, बांगड्या कपाटात.
कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसून
मी केळ कापते.
सोलत सोलत गेलं की मुनव्याच्या पोटात
तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा कोंभ.
चिमटा ज्योतीवर लाल करायचा, निवू द्यायचा,
आणि एकाचे चार.
बोलायचं नाही.
श्वासातसुद्धा बुरशी असते, मेनन मॅडम सांगतात.

मार्चमध्ये घणसोलीचं आमचं परसू बिल्डरकडे गेलं.
सासूने शेवटचा मुनवा उपटला,
मातीसकट पेपरात गुंडाळला:
"तुझ्या कारखान्यात बघ काय होतंय का."
राजेळी. हिचेच खांब होते
तिच्या लग्नात मांडवाला.

मॅडम म्हणाल्या, सहा बरण्या, जास्त नाही.
पाच गढूळ झाल्या.
आमच्या परसातली माती
वीस मिनिटं क्लोरीनमध्ये धुतली तरी
आत कुठेतरी होतीच.
सहावीवर मी ४१७ लिहिलं होतं.
तिच्यात एका सोमवारी
नखाएवढं हिरवं.

आता तिच्या बावन्न झाल्यात,
ट्यूबलाइटखाली, रांगेत,
एकीसारखी दुसरी,
आणि ऊन कुणालाच ठाऊक नाही.

फोटो दाखवला सासूला.
तिने दोन बोटांनी मोठा केला,
चष्मा काढला, परत घातला.
"बावन्न," म्हणाली. "ना लावशील कुठं?"

मी काहीच बोलले नाही.
सकाळी पाहिलं तर
सातव्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत,
वॉशिंग मशीन
हातभर सरकवलेलं.